हॉल घुमतो, मधे भिंत घालू का?

ताई, नमस्कार. साताऱ्यात शाहूपुरीला आमच्या घराचा वरचा मजला म्हणजे 30 बाय 20 फुटांचा एकच हॉल आहे, उंची 11 फूट. सकाळी 6 ते दुपारी 2 तिथे अभ्यासिका चालते, स्पर्धा परीक्षेची वीस-बावीस मुलंमुली बसतात. दुपारी 3 ते 5 माझा शिवणक्लास. गुरुवारी संध्याकाळी भजनी मंडळ आणि महिन्यातून एकदा बचत गटाची सभा. मागच्या वर्षी नवी फरशी घातली, भिंती पुट्टी मारून गुळगुळीत केल्या, खिडक्यांना सरकत्या काचा बसवल्या. तेव्हापासून हॉल नुसता घुमतो. सासूबाईंच्या कानाला यंत्र आहे, त्या सभेतून दहा मिनिटांत उठून जातात. एक ठेकेदार म्हणतो, मधे जिप्समची भिंत घाला, एकीकडे अभ्यासिका आणि एकीकडे क्लास दिवसभर चालेल. दुसरा म्हणतो, भिंतींना फोम चिकटवा. भाचा म्हणतो, अंड्यांचे ट्रे लाव. पैसे बेताचे आहेत आणि एकदाच घालायचे आहेत. काय करू?
— एक वाचक, सातारा

ताई, खर्च करायच्या आधी विचारलंत, फार बरं केलंत. भिंत घालू नका. फोम नको, ट्रे तर नकोतच. तुमच्या हॉलला कापड हवंय. जाड, चुण्यांचं, भिंतीपासून थोडं सुटं आणि मुख्य म्हणजे सरकवता येणारं. तुमचा हॉल चार कामांना चार तऱ्हेने वेगळा होतो. त्याला असं काहीतरी द्यायला हवं की जे त्याच्याबरोबर बदलेल.

मी सांगलीत गेली 26 वर्षं पडदे शिवते आणि लावून देते. वडील नाटकवाल्यांच्या विंगा आणि झालरी दुरुस्त करायचे. आमच्या गावाला नाट्यपंढरी म्हणतात. विष्णुदास भाव्यांनी 5 नोव्हेंबर 1843 ला मराठी नाटक पहिल्यांदा उभं केलं ते इथेच. त्यामुळे पडदा म्हणजे नुसता आडोसा नव्हे, हे मी लहानपणीच शिकले. प्रयोग संपला, विंगांची कापडं उतरवली की त्याच रंगमंचावर माणसं बोलायची तेव्हा आवाज परका वाटायचा. वडील म्हणायचे, "कापड उतरलं, आता भिंती बोलायला लागल्या."

तुमच्याकडे नेमकं तेच झालंय. नव्या घरात सामान लागायच्या आधी बोललं की कसं घुमतं, आठवा. गाद्या आल्या, कपाटं आली, दांडीवर कपडे पडले की घुमणं आपोआप जातं. जुन्या वाड्यात ते कधी नव्हतंच. जमीन सारवलेली, वर लाकडी तक्तपोशी, कोपऱ्यात वळकट्या, खुंटीवर घोंगडी. आवाज जाऊन कशात तरी मुरायचा. तुम्ही फरशी, पुट्टी आणि काच अशा तीन गोष्टी एकदम केल्यात आणि आवाजाला मुरायला जागाच उरली नाही. बोललेला शब्द भिंतीवर आपटून परत येतो, तोवर पुढचा शब्द तोंडातून निघालेला असतो. दोन्ही एकमेकांत मिसळतात.

हे मोजायची रीत एका माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वी शोधली. ती तुम्हाला सांगते, कारण तिने तुमचा सगळा हिशेब सुटतो. 1895 साली अमेरिकेत हार्वर्डला एक नवं व्याख्यानगृह बांधलं आणि त्यात व्याख्यान कुणाला कळेना. एक शब्द साडेपाच सेकंद खोलीत फिरत राहायचा. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. त्याने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उसन्या आणल्या आणि रात्री, गाव शांत झाल्यावर, त्या थोड्या थोड्या करून खोलीत मांडल्या. प्रत्येक वेळी ऑर्गनची नळी वाजवून आवाज विझायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहिलं. गाद्या वाढल्या तसा वेळ कमी झाला. मोजायला त्याने माप धरलं ते उघड्या खिडकीचं. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणजे ती सगळा आवाज गिळते.

आपण ते माप पैशात धरू. एक चौरस फूट उघडी खिडकी म्हणजे पूर्ण एक रुपया. गुळगुळीत पुट्टीची भिंत किंवा फरशी माणसाच्या बोलण्याच्या पट्टीत रुपयातले दोन-तीन पैसे गिळते. पातळ पडदा भिंतीला चिकटून सपाट सोडला तर दहा-अकरा पैसे. तोच पडदा जाड घेतला, दुप्पट कापडाच्या चुण्या पाडल्या आणि भिंतीपासून सुटा ठेवला, की 50 पैशांच्या आसपास जातो. बसलेला माणूस एकटाच पाचेक रुपये गिळतो. म्हणून तर भरलेला हॉल रिकाम्या हॉलइतका घुमत नाही.

आता तुमचा हॉल. भिंती, जमीन, स्लॅब मिळून 2300 चौरस फूट. टेबल-खुर्च्या धरून फार तर 100 रुपये गिळणारा. हॉलचं घनफळ 6600 घनफूट. त्याला 0.049 ने गुणा, येतात 323. या 323 ला गिळणाऱ्या रुपयांनी भागलं की आवाज विझायला लागणारे सेकंद मिळतात. म्हणजे आज तुमचा शब्द रिकाम्या हॉलमध्ये सव्वातीन सेकंद रेंगाळतोय. बोलणं नीट कळायला तो एका सेकंदाच्या आसपास किंवा त्याच्याही आत विझायला हवा. एका 30 फुटी भिंतीवर छतापासून खाली 8 फूट उंचीचा जाड चुणीदार पडदा लावलात तर 240 चौरस फुटांचे 120 रुपये होतात. सभेला 20 बायका आल्या की आणखी 100. एकूण 320, म्हणजे एक सेकंद. शेजारच्या 20 फुटी भिंतीवर 16 फुटांचा दुसरा पडदा सोडलात की एका सेकंदाच्या आत आलात. हा हिशेब ढोबळ आहे, पण काम करायला पुरतो.

पडदे समोरासमोरच्या भिंतींवर लावू नका. एक लांब भिंत आणि तिला लागून असलेली एक आखूड भिंत, अशा दोन घ्या. दोन कोऱ्या भिंती समोरासमोर राहिल्या की आवाज त्यांच्यात चेंडूसारखा आपटत राहतो. हॉलच्या मधोमध उभं राहून एक जोरात टाळी वाजवा. टाळीमागून "टर्रर्र" असं बारीक ऐकू आलं तर तेच ते. प्रत्येक जोडीतली एक भिंत झाकली की टर्रर्र जातं.

भिंतीपासून सुटा का, हे विचाराल. भिंतीला अगदी लागून हवा हलतच नाही, आणि कापड आवाज गिळतं ते हवा त्याच्या धाग्यांतून घासत जाते म्हणून. 6 ते 8 इंच पुढे आल्यावर बोलण्याच्या पट्टीतल्या आवाजाला हवा जोरात हलते. म्हणून छताला पट्टी मारताना मिस्त्री ती भिंतीलगत मारेल, त्याला तसं करू देऊ नका. मी स्वतः सुरुवातीची चार-पाच वर्षं पट्टी भिंतीला चिकटवूनच मारत होते आणि गिऱ्हाइकाला "कापड अजून जाड घ्या" म्हणत होते. पुढे एका सभागृहात खिडकीचा कठडा आडवा आला म्हणून पट्टी हातभर पुढे घ्यावी लागली, आणि तेच कापड एकदम वेगळं वागलं. त्यानंतर मी जागा सोडायला लागले.

आता कापड कोणतं. दुकानात गेलात की ताग्याचा पदर तोंडाला लावा आणि फुंकर मारा. फुंकर आरपार सहज गेली तर कापड विरळ आहे, उपयोग थोडा. अजिबात गेली नाही, म्हणजे रेक्झिन किंवा मागून रबराचा थर दिलेलं, उजेड पूर्ण अडवणारं कापड, तर त्यात आवाज मुरत नाही, वरच्या वर परततो. जरा जोर लावून फुंकर गेली पाहिजे. ते कापड तुमचं. वजन चौरस मीटरला 450 ग्रॅमच्या पुढे बघा. दुकानदाराला वजन सांगता येत नसेल तर एक मीटर कापून काट्यावर टाका आणि पन्हा किती आहे ते बघून हिशेब करा. चार फुटी पन्ह्याचं कापड मीटरला साधारण साडेपाचशे ग्रॅम भरलं की झालं. 30 फुटी भिंतीला दुप्पट चुण्यांसाठी असे 15 पट्टे लागतील, पट्टा 9 फुटांचा, म्हणजे 41-42 मीटर कापड. त्याचं वजन वीस-पंचवीस किलो भरतं. नेहमीच्या खिडकीची नळी या वजनाला वाकते. छताला अ‍ॅल्युमिनियमचा जाड ट्रॅक घ्या, स्लॅबला दर दीड-दोन फुटांवर अँकर फास्टनरने घट्ट. नुसत्या गिट्टी-स्क्रूवर लटकवू नका. सुती कापड घेणार असाल तर शिवायच्या आधी पाण्यातून काढा आणि खाली चार बोटं दुमड राखून ठेवा. पहिल्या धुण्याला ते आखडतंच, हे तुम्हाला शिवणक्लासवालीला मी काय सांगायचं.

मखमल महाग पडते. आपल्या भागात तिला सरस पर्याय आहे तो घोंगडीचा. माण, खटाव, आटपाडी, जतकडे मेंढरांच्या लोकरीची जाड घोंगडी अजून विणतात. ती बोटांत धरून उन्हाकडे बघा. वीण दाट, पण धाग्याधागातून केस सुटलेले, मधे बारीक उजेडाचे ठिपके. आवाजाला मुरायला हवं ते अगदी असंच. एक काळजी घ्या, नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ असते, त्यामुळे ती पुठ्ठ्यासारखी ताठ लागते आणि छिद्रं बुजलेली असतात. गार पाण्यात दोनदा भिजवून खळ काढा, सावलीत वाळवा, मग फुंकर मारून बघा. लोकर लवकर पेटत नाही, हा तिचा मोठा गुण. कसर लागते, हा दोष. म्हणून वर्षातून दोनदा कडक ऊन द्या आणि पावसाळ्यात झटकत राहा. आखूड भिंतीला चुण्या न पाडता चार घोंगड्या शेजारी शेजारी, वरून लाकडी पट्टीला अडकवून, भिंतीपासून वीतभर पुढे सोडल्यात तर हॉलला रूपही येईल. हे मला मनापासून वाटतं म्हणून लिहितेय. आपल्याच भागातल्या विणकराचं काम आपल्या भिंतीवर दिसावं, त्याला पैसा जावा.

फोमविषयी इतकंच सांगते, दुकानात स्वस्तात मिळणारा पॉलियुरेथेनचा फोम एका ठिणगीने पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. जिथे बावीस मुलं बसतात आणि बाहेर पडायला जिना एकच असेल, तिथे तो नको. अंड्यांचे ट्रे पातळ पुठ्ठ्याचे. बोलण्याच्या पट्टीत फार काही गिळत नाहीत, धूळ धरतात आणि कागद तो कागदच. थर्माकोल कुणी सुचवला तर तोही नाही, त्याच्या आत हवा शिरतच नाही.

पडद्याच्या बाबतीतही आगीचं भान ठेवा. गुरुवारी भजनाला समई लावता, उदबत्ती लावता. ती जागा पडद्यापासून निदान चार-पाच फूट लांब, उघड्या भिंतीकडे ठरवून टाका आणि ती कधी बदलू नका. बटणांच्या बोर्डावर आणि दारावर पडदा येता कामा नये. निव्वळ पॉलिस्टर वितळून थेंब थेंब गळतं, सुतीही पेटतं, त्यांच्यापेक्षा लोकर बरी. आग न धरणारी प्रक्रिया केलेलं कापडही मिळतं. ते घेतलंत तर धुतल्यावर गुण राहतो का, हे दुकानदाराकडून लिहून घ्या. काही प्रक्रिया दोन धुण्यांत निघून जातात.

आता भिंतीचा प्रश्न. तुमच्या ठेकेदाराने अभ्यासिका आणि शिवणक्लास एकाच वेळी चालेल असं सांगितलं. साधी, नीट न बुजवलेली जिप्समची भिंत दारातून, छताच्या फटीतून आणि खिडकीच्या काचांमधून आवाज जाऊ देते. खरी आवाजबंद भिंत करायची तर दोन्हीकडे दुहेरी पाटा, मधे रॉकवूल म्हणजे दगडापासून केलेली लोकर, जड दार, सगळ्या फटी बंद, आणि मग दोन्ही बाजूंना हवेची वेगळी सोय. त्यात तुमचे बेताचे पैसे संपतील आणि गुरुवारच्या भजनाला हॉल अर्धा होईल. शिवाय दोन्ही अर्ध्या खोल्या आतून घुमतीलच, कारण भिंतीने घुमणं जात नाही.

इथे पडद्याविषयीही खरं सांगायला हवं, नाहीतर उद्या तुम्ही मला बोल लावाल. पडदा खोलीतलं घुमणं घालवतो. पलीकडचा आवाज अडवत नाही. आवाज अडवायला वजन लागतं. विटेच्या भिंतीचा एक चौरस मीटर दोनशे किलोच्या पुढे जातो, कापड अर्धा किलो. पडद्याच्या एका बाजूला सहा शिलाई मशीन आणि दुसऱ्या बाजूला राज्यघटना पाठ करणारी मुलगी, हे जमणार नाही. कुणी जमेल म्हणून पडदा विकला तर घेऊ नका. तुम्ही आत्ता वेळा वाटून घेतल्यात तेच बरोबर आहे, ती घडी मोडू नका.

तरी मधला पडदा घ्याच, पण वेगळ्या कामासाठी. 20 फूट रुंदीवर दोन भागांत, अर्धा इकडे अर्धा तिकडे सरकणारा. सकाळी मुलांतल्या दोघातिघांना एकमेकांना प्रश्न विचारून अभ्यास करायचा असतो, त्यांनी त्या टोकाला बसावं. पडद्यापलीकडे आवाज थोडा मऊ होऊन पोचतो, पूर्ण अडत नाही, म्हणून त्यांनी हळूच बोलावं. दुपारी क्लासला मापं घ्यायला आडोसा होतो. सभेला गोळा करून बाजूला बांधला की अडीच-तीन फुटांत मावतो. त्याच्या वरचा दीड फूट जाळीचा ठेवा. दवाखान्यातल्या खाटांभोवतीच्या पडद्याला असते तशी. तिच्यातून वारा फिरतो आणि उजेड अडत नाही. ट्रॅकची जागा ठरवायच्या आधी पंखे चालू करून बघा. पातं आणि पडदा यांत निदान दोन फूट हवेत, आणि दोन्ही अर्ध्यांना पंखा आणि ट्यूब मिळायला हवी.

रंग फिका घ्या. गडद पडदा उजेड खातो आणि मग मुलं दिवसा दिवे लावतात. जर्मनीतल्या बाउहाउस शाळेत अ‍ॅनी अल्बर्स नावाची विणकर होती. तिने 1930 च्या सुमारास एका सभागृहाच्या भिंतीसाठी असं कापड विणलं की मागच्या बाजूचं लव असलेलं सूत आवाज गिळायचं आणि पुढचा सेलोफेनचा धागा उजेड परतवायचा. एकाच ताग्याला दोन कामं. आपण तितकं विणू शकत नसलो तरी अस्तर जाड आणि पुढचं कापड हातमागाचं फिकं, इतकं तुम्ही नक्की शिवू शकता. अस्तर पुढच्या कापडाला चिकटवू नका, वरून एकत्र शिवून खाली सुटं सोडा.

भजनाचं मात्र वेगळं आहे आणि मला ते आवडतं म्हणून थोडं थांबते. कापड बारीक, चढा आवाज जास्त गिळतं आणि जाड, खोल आवाज फार कमी. मखमलीचा आकडा सांगायचा तर बोलण्याच्या पट्टीत 55 पैसे गिळणारी तीच मखमल अगदी खालच्या पट्टीत 14 पैशांवर येते. म्हणजे टाळ लगेच मऊ होतील, पण पखवाजाची धुम तशीच राहील. पडदे पूर्ण ओढून भजन लावलंत तर टाळांची चमक जाईल आणि बायका म्हणतील, आज सूर चढतच नाही. मिरजेत तंबोरे घडवणाऱ्यांच्या गावात कुठल्याही गायकाला विचारा, थोडी घुमणारी खोली गळ्याला आधार देते. म्हणून गुरुवारी लांब भिंतीचा पडदा अर्धा गोळा करा. सभेला पूर्ण ओढा. अभ्यासिकेला पूर्ण ओढा. हॉल तुमच्या हातात येतो तो असा, दोरी ओढून. चिकटवलेल्या फोमने हे कधीच झालं नसतं. आणि माईक असेल तर त्याचा आवाज आधी कमी करा. घुमणाऱ्या हॉलमध्ये आपण आवाज वाढवतो तसं घुमणंही तेवढंच वाढतं.

खाली सतरंजी किंवा जाजम घालता का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. फरशीवर पातळ सतरंजी आवाज फारसा गिळत नाही. पण पावलांचा, खुर्ची ओढल्याचा आवाज जन्मालाच येऊ देत नाही, हे तिचं मोठं काम. खुर्च्यांच्या पायांना रबरी बूट घाला किंवा मुलांचे जुने टेनिस बॉल चिरून बसवा. शिलाई मशीनच्या प्रत्येक पायाखाली गोधडीचा चौपदरी तुकडा ठेवा, खालच्या मजल्यावरचे लोक तुम्हाला दुवा देतील.

भिंत नको म्हणण्याला माझं आणखी एक कारण आहे. 2019 च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं. तेव्हा मी पडदे लावून दिलेला एक तळमजल्याचा हॉल पाण्याखाली गेला. पाणी वाढायला लागलं तशी तिथल्या पोरांनी सगळे पडदे रनरमधून सोडवून, गाठोडी बांधून वरच्या मजल्यावर नेली. अर्ध्या तासाचं काम. पाणी ओसरल्यावर धुऊन, वाळवून ते परत लागले, आजही आहेत. त्याच हॉलमधलं प्लायवूडचं पार्टिशन फुगून, बुरशी येऊन ट्रॉलीत भरून टाकावं लागलं. तुमच्याकडे वरच्या मजल्याला पूर येणार नाही. पण उद्या मुलाचं लग्न निघेल, हॉल भाड्याने द्यावा वाटेल, अभ्यासिका वाढेल. कापड उतरवता येतं, दुसरीकडे लावता येतं, फाडून उशांचे अभ्रे करता येतात.

आता पहिलं काम सांगते, ज्याला एक रुपया लागत नाही. येत्या गुरुवारी भजनाला येणाऱ्या प्रत्येकीला घरातून एक जाड काहीतरी आणायला सांगा. घोंगडी, गोधडी, रजई, जाजम, काहीही. ओळखीच्या मंडपवाल्याकडे दोन कनाती मागा, एका रात्रीसाठी तो नाही म्हणणार नाही. लांब भिंतीसमोर वीतभर अंतर सोडून नायलॉनची दोरी ताणा आणि त्यावर सगळं चुण्या पाडून वाळत घाला. त्याआधी एक टाळी फोनवर रेकॉर्ड करा, एकीला हॉलच्या त्या टोकाला उभं करून वर्तमानपत्रातला एक उतारा नेहमीच्या आवाजात वाचायला लावा. कापडं टांगल्यावर तेच परत करा. मग दोरी आखूड भिंतीकडे नेऊन तिसऱ्यांदा. कुठली भिंत आधी करायची हे तिथल्या तिथे कळेल आणि पैसे कापडाच्या दुकानात जायच्या आधी सगळ्याजणींचं एकमत झालेलं असेल. सॅबिनने उसन्या गाद्यांनी केलं तेच तुम्ही उसन्या गोधड्यांनी करा.

पैसे टप्प्याने घाला. आधी लांब भिंतीचा पडदा. महिनाभर वापरून बघा, मग आखूड भिंतीच्या घोंगड्या, मधला पडदा सगळ्यात शेवटी. ट्रॅक मात्र तिन्ही ठिकाणी एकदमच मारून घ्या. स्लॅबला परत परत भोकं पाडायचा त्रास आणि धूळ वाचते. मधल्या पडद्याची खालची कड जमिनीपासून एक इंच वर ठेवा, नाहीतर फरशी पुसायचं पाणी कापड ओढून घेतं. साताऱ्याच्या पावसाळ्यात पडदे दिवसातून एकदा तरी पूर्ण सरकवून मागच्या भिंतीला वारा लागू द्या, नाहीतर आतून बुरशी धरते.

सासूबाईंसाठी एक वेगळी गोष्ट. कानाचं यंत्र जवळचं बोलणं आणि भिंतीवरून परतलेलं बोलणं दोन्ही सारखंच मोठं करतं. म्हणून आपल्याला चालून जाणारा हॉल त्यांना असह्य होतो. पडदा लागला की त्यांची खुर्ची हॉलच्या मध्यात नको, पडद्याला पाठ करून, पडद्यापासून दोनेक फुटांवर ठेवा, म्हणजे मागून काही आपटून येणार नाही. बोलणारी बाई त्यांच्यापासून सहा-सात फुटांच्या आत आणि तिच्या तोंडावर उजेड पडेल अशी बसवा. ओठ दिसले की निम्मं ऐकू येतं. पंखा त्यांच्या डोक्यावर नसावा, यंत्राला वाऱ्याची घरघर लागते. गुरुवारच्या गोधड्यांच्या वेळी त्यांनाच त्या खुर्चीवर बसवून उतारा ऐकवा. त्या दहा मिनिटांनंतरही बसून राहिल्या तर समजा पडद्याची जागा सापडली, आणि मला कळवा.